शाळेचं आरोग्य तपासायचंय, हातात ५,००० रुपये. सुरुवात कुठनं करू?

बावडा_पालक: रामराम मंडळी. यंदा शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून आलोय. शाळा कसबा बावड्याकडची, पहिली ते आठवी. कागदावर सगळं हाय: जंतनाशक, लोहाच्या गोळ्या, तपासणी, पोषण आहार. खरं किती चालतंय ते कसं बघायचं? आणि ५,००० त बसंल तेवढंच सांगा.

नादखुळा_७७: आरओ बसवा. आम्ही पोराच्या शाळेत ४५ हजारांचा बसवला, वर दात्यांच्या नावाची पाटी. पोटदुखी बंद!

गंगावेसकर: भावा, त्यानं ५ हजार म्हटलंय. आणि फिल्टर बदलता का कधी? आमच्याकडं बदललाच न्हाई, टाकीत शेवाळ.

निवृत्त_गुरुजी: ३१ वर्षं शिकवलं. अहवाल मागू नका, तो छानच असतो. मधल्या सुट्टीत नळापाशी उभे राहा. खिचडीआधी किती मुलं हात धुतात ते मोजा. साबण कुठे आहे तेही बघा. आमच्या वेळी तो कपाटात असायचा, किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात.

राजारामपुरीची_आई: गेटसमोरच्या गाड्यांचं काय? शाळेपासून ५० मीटरच्या आत जादा तेल-मीठ-साखरेचं विकायचं नाही, एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, २०२० चा नियम आहे.

कटवडा: वडा खाऊनच मोठे झालो आम्ही. काय झालं?

राजारामपुरीची_आई: शुगर किती तुमची?

कटवडा: १८०. पण ती घराण्यात हाय.

सिस्टरताई: आरबीएसकेचं, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीचं, पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. किती मुलं तपासली तो आकडा कुणीही दाखवेल. तुम्ही पुढं दवाखान्यात पाठवलेल्यांची यादी मागा आणि एकेक नाव घेऊन विचारा, गेला का, चष्मा मिळाला का. एका मुलीची चिठ्ठी आठ महिन्यांनी दप्तराच्या तळाशी सापडली होती, ती फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतनं उतरवायची. आणि सहावीपासनं आठवड्याला एक लोहाची निळी गोळी, ती जेवणानंतरच द्या. उपाशीपोटी मळमळतं, मग खिडकीखाली गोळ्यांचा सडा.

नादखुळा_७७: तेच म्हणतोय मी, आरओ.

गंगावेसकर: वजनकाटा घ्या हो. दप्तर पोराच्या वजनाच्या १० टक्क्यांवर नको.

बावडा_पालक: दोन दिवस जाऊन बसलो. नळ ९, पाणी ४ ला. पुढं पाठवलेली पोरं ११, गेलेली ३. पण खरी गोष्ट घरातच कळाली. लेकीची बाटली रोज भरलेलीच परत येते. विचारलं तर म्हणाली, "संडासाला आतनं कडी न्हाई, मग पाणी कोण पिणार?" चार कड्या, दोन बादल्या, सुताराची मजुरी, २,१४० झाले. उरलेले त्या आठ पोरांच्या रिक्षाला, शनिवारी सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, नेतोय. आरओ, काटा काही घेत न्हाई.

नादखुळा_७७: कड्यांवर नाव तरी टाका दात्याचं.