विनातिकीट दंड: भरावा, भांडावे की न्यायालयात जावे?

ए-२०४: आपल्या सोसायटीच्या गटातील सर्व सभासदांना नमस्कार. एका विषयावर जाणकारांचे मत हवे आहे. काल संध्याकाळी माझ्या मुलाला एका रेल्वे स्थानकाच्या पुलावर तिकीट तपासनिसांनी थांबवले. त्याने निघण्यापूर्वी मोबाइलच्या ॲपवरून तिकीट काढले होते, परंतु नेमकी त्याच वेळी फोनची बॅटरी संपलेली असल्यामुळे ते दाखवता आले नाही. त्याच्याकडून २६० रुपये घेण्यात आले व पावती देण्यात आली. तिकिटाचे पैसे भरलेले असताना हा दंड योग्य आहे का, तो परत मागता येतो का, आणि पुढे पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या पडताळणीत या गोष्टीची अडचण येईल का, हे कोणी सांगू शकेल का? मुलगा कालपासून फार अस्वस्थ आहे.

डी-४०१: ताई, अशा वेळी पैसे भरायचेच नसतात. सरळ सांगायचे की माझ्याकडे तिकीट होते, तुम्हाला मान्य नसेल तर न्यायालयात न्या. दहा रुपयांच्या भाड्यासाठी न्यायालयात जायला त्यांनाही वेळ नसतो. नाहीतर पावती न घेता शंभर रुपयांत प्रकरण मिटते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

सचिव: विषय सर्वांच्या उपयोगाचा आहे, म्हणून चर्चा येथेच होऊ द्यावी. बी-१०३ मधील काकांनी आयुष्यभर रेल्वेच्या वाणिज्य विभागात तिकीट तपासणीचे काम केले आहे. त्यांनी सवडीने लिहावे, ही विनंती.

बी-१०३: ताई, प्रथम मुलाला सांगा की त्याने पैसे भरून पावती घेतली, हे अगदी योग्य केले. डी-४०१ यांचा सल्ला मात्र कृपा करून कोणी मनावर घेऊ नये. का, ते सविस्तर लिहितो.

रेल्वे अधिनियम १९८९ मध्ये विनातिकीट प्रवासासाठी दोन वेगवेगळी कलमे आहेत आणि लोकांचा सगळा गोंधळ या दोहोंची सरमिसळ केल्यामुळे होतो. कलम १३८ म्हणते की ज्याच्याकडे योग्य तिकीट नाही, किंवा जो विचारल्यावर ते दाखवू शकत नाही, त्याने प्रवासाचे भाडे आणि त्यावर जादा आकार द्यावा. हा जादा आकार भाड्याइतका किंवा २५० रुपये, यांपैकी जो जास्त असेल तो. मुलाच्या पावतीवरील २६० रुपयांत १० रुपये भाडे आणि २५० रुपये जादा आकार आहे. येथे तुमचा हेतू कोणी विचारत नाही. विसरलात, घाईत होतात, बॅटरी संपली, सगळे एकाच मापाने मोजले जाते. पण त्याचमुळे हा गुन्हाही ठरत नाही. ही जागच्या जागी झालेली वसुली आहे. त्यात न्यायालय नाही, दोषी ठरवणे नाही आणि शिक्षाही नाही. पासपोर्टच्या पडताळणीत पोलीस फौजदारी प्रकरणे पाहतात आणि मुलावर असे कोणतेही प्रकरण झालेले नाही.

कलम १३७ ची गोष्ट वेगळी आहे. ते फसवणुकीच्या हेतूने केलेल्या प्रवासासाठी आहे. एकदा वापरलेले तिकीट पुन्हा वापरणे हेसुद्धा त्यातच येते. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे आणि विशेष कारण नसेल तर न्यायालय ५०० रुपयांहून कमी दंड करू शकत नाही. भाडे आणि जादा आकार द्यावा लागतो तो निराळाच.

आता ‘न्यायालयात न्या’ म्हणणाऱ्याचे काय होते ते पाहा. तपासनीस त्याला रेल्वे सुरक्षा दलाच्या ताब्यात देतो, कागदपत्रे होतात आणि त्याला रेल्वे दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले जाते. रक्कम भरण्यास नकार दिला तर १३८ खालीच ती दंडाप्रमाणे वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो आणि तरीही न भरल्यास दहा दिवसांपासून एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय हुज्जत घालताना कोणी तपासनिसाला ढकलले किंवा त्याचा हात झटकला, तर कामात अडथळा आणल्याचे कलम १४६ लागते, ज्याला पुन्हा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. माझ्या नोकरीच्या काळात विनातिकीट सापडलेल्यांपैकी ज्यांचे खरे नुकसान झाले, त्यांपैकी बहुतेकांचे ते तिकिटामुळे नव्हे, तर तोंडामुळे आणि हातामुळे झाले.

शंभर रुपयांत मिटवण्याविषयी: ती लाच आहे आणि देणाराही त्यात अडकतो. व्यवहाराच्या दृष्टीनेही तो तोट्याचाच सौदा आहे, कारण पावती हाती नसल्यामुळे पुढच्या जिन्यावर दुसरा तपासनीस भेटला तर पूर्ण रक्कम पुन्हा भरावी लागते. आता पावती यंत्रातून निघते आणि क्यूआर कोडवर पैसे भरता येतात. त्यामुळे ‘सुटे नाहीत, पावतीपुस्तक संपले’ असे कोणी म्हणू लागला तर सावध व्हावे. गणवेशातील किंवा साध्या वेशातील माणसाकडे ओळखपत्र मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तोतये तपासनीस पकडले गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. शंका आली तर १३९ क्रमांकावर फोन करावा किंवा फलाटावरील स्थानक अधीक्षकांच्या कार्यालयात चलावे, असे शांतपणे म्हणावे.

ए-२०४: काका, मनावरचे ओझे उतरले. पण तिकीट खरोखर काढलेले होते, त्याचे काय?

बी-१०३: नियम ‘तिकीट काढलेले असावे’ एवढाच नाही, तर ‘मागितल्यावर दाखवता यावे’ असाही आहे. ॲपवरील कागदविरहित तिकीट त्याच फोनवर, त्याच ॲपमध्ये उघडून दाखवावे लागते. स्क्रीनशॉट चालत नाही, दुसऱ्याला पाठवलेले चित्र चालत नाही. नेटवर्क नसले तरी काढलेले तिकीट ॲपमध्ये उघडते, त्यामुळे ‘नेट नाही’ ही सबबही टिकत नाही. बॅटरी संपणे हा धोका प्रवाशाचाच मानला जातो. तिकीट काढल्याची वेळ आणि पैसे कापल्याची नोंद जोडून वाणिज्य विभागाकडे अर्ज जरूर करावा. परंतु पैसे परत येतीलच, या आशेवर राहू नये.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट, जी तरुण मुले मुद्दाम करतात. ॲप फोनच्या ठिकाणावर लक्ष ठेवते, त्यामुळे गाडीत किंवा फलाटावर उभे राहून तिकीट निघत नाही. समोर काळा कोट दिसल्यावर खिशातून फोन काढणाऱ्यांसाठीच ही सोय ठेवलेली आहे. स्थानकावर पोहोचलाच असाल तर गाडीत चढण्यापूर्वी खिडकीवरून तिकीट काढावे.

डी-४०१: काका, तुमचा अनुभव मान्य. मी लाचेची शिफारस करत नव्हतो, जे चालते ते सांगितले. पण दहा रुपयांच्या चुकीला अडीचशे रुपये, हा न्याय आहे का? आणि जवळच्या अंतराचा दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास याहून स्वस्त पडतो!

बी-१०३: हा प्रश्न मात्र रास्त आहे. अडीचशेचा आकडा वीस वर्षांहून अधिक काळ तोच आहे, त्यापूर्वी तो पन्नास होता. मुंबईच्या लोकलला दारावर कोणी अडवत नाही, सगळी व्यवस्था प्रवाशावरच्या विश्वासावर आणि अधूनमधून होणाऱ्या तपासणीवर चालते. सापडण्याची शक्यता कमी असेल तर सापडल्यावर द्यावी लागणारी रक्कम भाड्याच्या कितीतरी पट असावी लागते, नाहीतर तिकीट न काढणेच स्वस्त पडेल. तरीही पास घरी विसरलेला रोजचा प्रवासी आणि आयुष्यात तिकीटच न काढणारा या दोघांना एकच रक्कम लागते, हे मला नोकरीत असतानाही पटत नसे. पण तपासनिसाला ती रक्कम कमी करण्याचा अधिकार नाही. त्यामुळे त्याच्याशी त्यावर वाद घालून उपयोग नाही.

पासाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपल्या डोंबिवली-कल्याण भागातील माणसे सर्वात जास्त दोन ठिकाणी अडकतात. पहिले म्हणजे पासाच्या हद्दीपलीकडचा प्रवास. कोणाचा पास ठाण्यापर्यंतचा असेल आणि ते कामासाठी दादरला गेले, तर ठाणे ते दादर हे तिकीट आधीच काढलेले असले पाहिजे. न काढल्यास तेवढ्या अंतराचे भाडे आणि २५० रुपये. दुसरे म्हणजे रात्री रिकामा दिसणारा प्रथम वर्गाचा डबा. डबा रिकामा आहे म्हणून दुसऱ्या वर्गाचा पास तेथे चालत नाही. भाड्यातील फरक आणि वर जादा आकार द्यावाच लागतो. वातानुकूलित लोकललाही हेच लागू आहे. एकाचा पास दुसऱ्याने वापरणे तर कलम १४२ खाली वेगळा गुन्हा आहे, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. भावाचा पास घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आणि कोठून चढलो याविषयी खोटे बोलू नये. शंका असेल तर गाडी जेथून सुटली तेथपासूनचे भाडे लावण्याची तरतूद आहे. गाडी कर्जतहून आलेली असेल तर ‘मुलुंडला चढलो’ म्हणणाऱ्याकडून कर्जतपासूनचे भाडे मागता येते, वाटेत तपासणी झालेली असेल तर तेथपासूनचे.

सी-३०५: काका, माझी मुलगी रात्री उशिरा एकटी परत येते. तिच्याकडे समजा तिकीट किंवा पैसे नसतील तर तिला मध्येच कोठेही उतरवतील का?

बी-१०३: नाही, ताई. कलम १३९ मध्ये याविषयी स्पष्ट लिहिले आहे. सोबत पुरुष नसलेल्या स्त्रीला किंवा मुलाला गाडीतून उतरवायचे झाल्यास ते फक्त जेथे प्रवास सुरू झाला त्या स्थानकावर, जंक्शनवर, शेवटच्या स्थानकावर किंवा जिल्ह्याच्या मुख्यालयाच्या स्थानकावर आणि तेही केवळ दिवसा. रात्री कोणी अशी धमकी दिली तर तिने कलमाचा उल्लेख करावा आणि लगेच १३९ लाच फोन लावावा. कलमाचा आणि मदत क्रमांकाचा आकडा योगायोगाने एकच आहे, त्यामुळे लक्षात राहील. रक्कम मात्र देय राहते, ती माफ होत नाही.

ए-६०२: काकांनी सांगितलेले कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. वकील म्हणून त्यात एक भर घालतो. अपघातातील भरपाईशीही तिकिटाचा संबंध आहे. रेल्वेत दुर्घटना झाल्यास मृत्यूसाठी आठ लाख रुपयांची भरपाई आहे, पण ती वैध प्रवाशासाठी असते आणि सुनावणीत रेल्वेकडून पहिली हरकत बहुधा ‘तिकीट सापडले नाही’ हीच घेतली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रीना देवी प्रकरणात सांगितले की केवळ मृताजवळ तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून तो वैध प्रवासी नव्हता असे म्हणता येणार नाही. कुटुंबाने प्रतिज्ञापत्राने वस्तुस्थिती मांडली की पुढील जबाबदारी रेल्वेवर येते. तरीही पास, तिकीट किंवा ॲपवरील नोंद असेल तर कुटुंबाची वर्षानुवर्षांची पायपीट वाचते. म्हणून पासाचे छायाचित्र घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या फोनमध्ये ठेवावे. ते तपासनिसाला चालणार नाही, पण दाव्यात उपयोगी पडेल.

एक इशारा. संगणकावर बनवलेले किंवा तारीख बदललेले पास दाखवणे हा आता केवळ रेल्वे कायद्याचा विषय राहत नाही. त्यात भारतीय न्याय संहितेखाली फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची कलमे लागतात. आपल्या मुलांनी मित्रांच्या नादाने ‘गंमत’ म्हणून असे काही करू नये, कारण तेथे २६० रुपयांची पावती फाडून कोणी सोडून देणार नाही.

डी-४०१: मान्य. माझा पहिला संदेश मी पुसून टाकतो.

सचिव: कृपया राहू द्यावा. त्याशिवाय पुढचे उत्तर कोणाला कळणार नाही.

सी-३०५: आणखी एक विचारते. गणपतीला गावी जाण्यासाठी चिपळूणपर्यंतची आमची चार तिकिटे आहेत. दोन ऑनलाइन काढलेली आणि दोन भावाने खिडकीवरून आणलेली. चारही प्रतीक्षा यादीत आहेत. ती नक्की झाली नाहीत तर गाडीत चढून टीसीला विनंती करता येईल का? दरवर्षी सगळे तसेच जातात.

बी-१०३: दरवर्षी तसे जाणाऱ्यांच्याच पावत्या दरवर्षी फाटतात, ताई. ऑनलाइन काढलेल्या तिकिटावरील सर्वच नावे आरक्षणाचा अंतिम तक्ता (चार्ट) तयार झाल्यावर प्रतीक्षा यादीत राहिली, तर ते तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे खात्यात परत जातात. म्हणजे ते घेऊन चढणारा विनातिकीटच. खिडकीवरील कागदी तिकीट आपोआप रद्द होत नाही, परंतु प्रतीक्षा यादीतील असेल तर त्यावर आरक्षित डब्यात बसता येत नाही, फक्त सर्वसाधारण डब्यातून जाता येते. स्लीपरमध्ये सापडल्यास जादा आकार भरून पुढच्या स्थानकावर सर्वसाधारण डब्यात जावे लागते. आरएसी (कोणी तिकीट रद्द केल्यास बर्थ मिळणारे आरक्षण) मिळाले तर मात्र निर्धास्त जावे, त्यात निदान बसण्याची जागा हक्काची असते.

खिडकीवरच्या दोन तिकिटांचे पैसे परत हवे असतील तर गाडी सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी ती रद्द करावी लागतील. गणपतीच्या दिवसांत त्या खिडकीवरही रांग असते, म्हणून भावाला तक्ता लागताच स्थानकावर पाठवा. आणि दोघे गाडीत, दोघे बाहेर असे होऊ द्यायचे नसेल तर चौघांसाठी एसटीची जादा बस आत्ताच पाहून ठेवा.