रूपांतर, अर्थांतर, साभार : फॅनफिकबद्दल बोलताना कोणता शब्द कुठे?

प्रश्न साधा होता : फॅन फिक्शनला, म्हणजे आवडत्या कथेतली पात्रे आणि जग घेऊन चाहत्याने लिहिलेल्या नव्या कथेला (थोडक्यात फॅनफिक), मराठीत ‘रूपांतर’ म्हणता येईल का? विचारणारी मुलगी गेली चार वर्षे एका गाजलेल्या अद्भुत कादंबरीमालेतल्या दुय्यम पात्रावर कथा लिहिते आहे. आता त्या कथांचे पुस्तक काढावे असे तिच्या मनात आहे. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर तिने लिहिले होते, ‘अमुक मालिकेवरून रूपांतरित’, आणि त्याखाली, ‘साभार : मूळ लेखिका’. या दोन ओळींतले दोन्ही शब्द चुकले आहेत, आणि त्या चुकीची किंमत तिलाच मोजावी लागेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रूपांतर. भाषांतरात भाषा बदलते, रूपांतरात कथेचा वेष बदलतो. देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव केला तेव्हा नावे बदलली, गावे बदलली, पण संशयाने पेटलेला नवरा निरपराध बायकोचा जीव घेतो ही गोष्ट जागची हलली नाही. कादंबरीवरून चित्रपट होतो तेव्हाही गोष्ट तीच, फक्त माध्यम दुसरे. फॅनफिकमध्ये नेमके उलटे असते. माणसे तीच, नगरे तीच, जादूचे नियमही तेच, आणि घडते ते मात्र नवे. मूळ लेखिकेने जिथे दार लावून घेतले, तिथून पुढे ही मुलगी चालत गेली आहे. याला रूपांतर म्हटले की तिने जे स्वतःचे घातले तेच झाकले जाते.

या घालण्याला आपल्याकडे फार चांगला वाक्प्रचार आहे : पदरचे घालणे. ‘मूळ गोष्टीत पदरचे घालू नकोस’ असे आपण सहज म्हणतो. त्यामागची भावनाही जुनी आहे. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावले की यात कुणी आपली ओवी घालील तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. छापखाना नव्हता, कायदा नव्हता, तरी मूळ संहितेला धक्का लागू नये ही तळमळ होती. त्या घातलेल्या ओव्यांना आपण प्रक्षिप्त म्हणतो. फॅनफिकला मात्र मी प्रक्षिप्त म्हणणार नाही. प्रक्षिप्त ओवी मूळ कवीच्या नावावर खपते. चाहत्याची कथा ‘हे माझे आहे आणि ते त्यांचे आहे’ असे उघड सांगून पुढे येते.

याच कारणासाठी ‘चोरी’ हा शब्दही टाळावा. वाङ्मयचौर्य म्हणजे दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून मिरवणे. तिथे प्रश्न श्रेयाचा असतो. कॉपीराइटचा भंग ही वेगळी गोष्ट आहे, तिथे प्रश्न परवानगीचा असतो. श्रेय पुरेपूर देऊनही भंग होऊ शकतो. आणि हक्काची मुदत संपलेल्या पुस्तकातून श्रेय न देता उतारे उचलले तर भंग होत नाही, वाङ्मयचौर्य मात्र होते. चिडलेले लोक दोन्हींना सरसकट चोर म्हणतात आणि मग वाद भलत्याच वाटेला लागतो.

आता कॉपीराइटसाठी वापरला जाणारा ‘प्रताधिकार’. शब्द देखणा आहे, पण तो ऐकून वाटते की हा फक्त प्रती काढण्याचा हक्क आहे. त्या मुलीचे पहिले वाक्य हेच होते : ‘मी मूळ पुस्तकातली एक ओळही उचललेली नाही.’ खरे आहे, पण ते पुरत नाही. 1922 साली जर्मनीत ‘नोस्फेरातू’ हा मूकपट निघाला. ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लोक केला, माणसांची नावे बदलली, गावही दुसरे घेतले. तरी ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकर याच्या विधवेने दाद मागितली आणि 1925 मध्ये न्यायालयाने चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही वाचल्या म्हणून आज तो पाहता येतो. हक्क प्रतीपुरता नसतो, मुळातून जे काही साधले जाते त्यावरही असतो. म्हणून मी तरी ‘कॉपीराइट’ किंवा ‘स्वामित्वहक्क’ म्हणतो. (‘स्वामित्वधन’ म्हणजे रॉयल्टी, त्या दोघांची गल्लत करू नये.)

‘साधले जाते’ असे मुद्दाम म्हणालो, कारण इंग्रजी कायद्यातल्या ‘डेरिव्हेटिव्ह वर्क’साठी नेमका शब्द आपल्या शालेय व्याकरणातच पडून आहे : साधित. सिद्ध शब्द आणि साधित शब्द आपण सगळे शिकलो आहोत. ‘कर’ हा धातू सिद्ध, ‘करणारा’ हा साधित. साधित शब्द खोटा नसतो, दुय्यमही नसतो, पण धातू काढून घेतला तर तो उभा राहत नाही. भाषांतर, रूपांतर, चित्रपट, पुढचा भाग, फॅनफिक हे सगळे साधित कृतींचे प्रकार. शब्द इतका चपखल बसतो की दुसरा शोधायची गरज वाटत नाही.

साधित कृतीचे दुखणे कुठे आहे ते एका खटल्यात लख्ख दिसते. एका अमेरिकी चाहत्याने टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पुढचा भाग लिहून 2022 मध्ये छापला. त्यानंतर 2023 मध्ये त्यानेच टॉल्किनच्या वारसांवर आणि अॅमेझॉनवर 25 कोटी डॉलरचा दावा लावला : तुमच्या ‘रिंग्ज ऑफ पॉवर’ मालिकेने माझ्या पुस्तकातले घेतले! कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने दावा फेटाळला. कारण असे की ज्याच्या पात्रांवर पुस्तक उभे आहे त्याची परवानगी नाही, तेव्हा त्या पुस्तकाला स्वतःचे संरक्षणच मिळत नाही. वारसांनी उलट दावा केला होता. त्यात पुस्तकाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला आणि वकिलांचे सुमारे 1 लाख 34 हजार डॉलर त्या लेखकाच्या अंगावर पडले. पदरचे घातले होते तेही पदरात राहिले नाही. मला यातले हेच सर्वांत कठोर वाटते, आणि प्रत्येक चाहत्या लेखकाने लेखणी उचलण्याआधी एवढे तरी माहीत करून घ्यावे.

आता रूपांतराचा खरा घोटाळा. फॅनफिकच्या बाजूने बोलणारे म्हणतात की आमचे लेखन ‘ट्रान्सफॉर्मेटिव्ह’ आहे. आर्काइव्ह ऑफ अवर ओन हा फॅनफिकचा मोठा संग्रह चालवणाऱ्या ना-नफा संस्थेच्या नावातच हा शब्द आहे. (या संग्रहाला 2019 मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या जगाने या लेखनाची घेतलेली ती दखल मला मोलाची वाटते.) मराठीत लिहिणारे ट्रान्सफॉर्मेटिव्हचे सर्रास ‘रूपांतरकारी’ करतात आणि अर्थाची पार वाट लागते. रूपांतर करण्याचा हक्क मूळ लेखकाचा असतो. ‘मी रूपांतर केले’ म्हणणे म्हणजे त्याचा हक्क वापरल्याची कबुली देणे. ट्रान्सफॉर्मेटिव्ह असणे हा अमेरिकी कायद्यात बचाव आहे. 1994 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विडंबनगीताच्या खटल्यात त्याची कसोटी सांगितली ती अशी, की मुळाला नवी अभिव्यक्ती, नवा अर्थ किंवा नवा संदेश मिळाला आहे का. म्हणजे एकाच मराठी शब्दात आरोपही आणि बचावही!

इथे मी ‘अर्थांतर’ सुचवतो. रूप बदलले तर रूपांतर, अर्थ बदलला तर अर्थांतर. मूळ कथेतली दुष्ट चेटकीण तिच्या बाजूने बोलू लागली आणि आपल्याला मूळ कथाच निराळी दिसू लागली, तर ते अर्थांतर. तिलाच नुसते दुसऱ्या सफरीवर पाठवले, तर ती पुढची गोष्ट. सीमारेषा पुसट आहे हे मान्य. 2023 मध्ये अमेरिकेच्या त्याच सर्वोच्च न्यायालयाने अँडी वॉरहॉल या चित्रकाराच्या चित्राच्या खटल्यात सांगितले की नुसता नवा अर्थ पुरेसा नाही, वापराचा हेतूही वेगळा लागतो. विडंबन म्हटले म्हणूनही सुटका होत नाही. हॅरी पॉटरवर बेतलेल्या एका रशियन कादंबरीच्या लेखकाने विडंबनाचा बचाव घेतला, तरी 2003 मध्ये नेदरलँड्सच्या न्यायालयाने तिचा डच अनुवाद तिथे निघू दिला नाही.

चेटकिणीवरून आठवले. ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ’ ही 1900 सालची कादंबरी अमेरिकेत केव्हाच हक्कमुक्त झाली आहे, तिच्यावर कुणीही लिहावे. पण कादंबरीत नायिका डोरोथीचे बूट चांदीचे आहेत. लाल माणकांचे बूट 1939 च्या चित्रपटाने दिले, आणि त्या चित्रपटावरचा हक्क अमेरिकेत 2034 अखेरपर्यंत जिवंत आहे. चांदीचे बूट घाला, कोणी अडवणार नाही. माणकांचे घातलेत तर तुम्ही चित्रपटवाल्यांच्या दारात उभे. रूपांतरकाराने पदरचे घातलेले असे त्याचे होते. पडद्यावर पाहून लिहिणाऱ्यांनी मूळ पुस्तक जवळ ठेवून एकेक बारकावा ताडून पाहावा.

राहता राहिला ‘साभार’. स-आभार, आभारासह. संपादक ‘साभार परत’ लिहितात तिथे तो शोभतो. पण एखादी गोष्ट उचलून खाली ‘साभार’ लिहिले की काम झाले, अशी जी समजूत रुजली आहे ती फार नुकसान करते. आभार मानायचे तर आधी देणाऱ्याने दिलेले असावे लागते. परवानगी मिळाली असेल तर ‘परवानगीने’ लिहावे, नसेल तर ‘ऋणनिर्देश’ म्हणावे. ऋण म्हटले की घेतलेले आहे आणि फेडलेले नाही, हे निदान प्रामाणिकपणे सांगितले जाते.

तिला मी पहिले पान असे सुचवले आहे : ‘अमुक मालिकेच्या जगातली चाहत्याने लिहिलेली कथा. पात्रे आणि जग मूळ लेखिकेचे. परवानगी घेतलेली नाही. विक्रीसाठी नाही.’ शेवटचे दोन शब्द वाचून तिचा चेहरा उतरला. तिला पुस्तकच काढायचे असेल तर दुसरी वाट आहे : नावे, नगरे, जादू सगळे स्वतःचे उभे करायचे आणि मग गोष्ट आपल्या पायांवर उभी राहते का ते पाहायचे. ती सध्या त्या दुय्यम पात्रासाठी नवे नाव शोधते आहे.

एक शब्द मला अजून मिळालेला नाही. मूळ लेखकाने लिहिलेले तेवढेच खरे, या अर्थी चाहते ‘कॅनन’ म्हणतात. ‘मूळ संहिता’ कोरडे वाटते, ‘प्रमाण’ भाषेच्या वादात अडकले आहे. प्रक्षिप्तच्या विरुद्ध अर्थाचा, बोलताना सहज तोंडी बसेल असा शब्द कुणाकडे असेल तर हवा आहे.