अनुभव धागा: ब्लॉगमधून आलेला पहिला पैसा

गोदाकाठची

दिवाळीची आवराआवर चालू आहे. काल माळ्यावरून बुटाचं एक खोकं निघालं. जुनी लाइटबिलं, लेकाच्या बालवाडीची पावती आणि सगळ्यात खाली गूगलचं ते पिनचं पाकीट. कडा फाडून उघडायचं असतं ना, तेच. आत सहा आकडे. मी शिडीवरच बसून राहिले, खालून नवरा ओरडतोय, "अगं झाडू दे ना इकडे!"

2011 ची गोष्ट. नाशिकला सिडकोत भाड्याचं घर, लेक दीड वर्षाचा. तो झोपला की ब्लॉगवर पदार्थ लिहायचे, बाजूला गूगलच्या जाहिराती. 10 डॉलर जमले की गूगल घरच्या पत्त्यावर पिन पाठवायचं, तो टाकला नाही तर पुढे पैसे नाहीत. माझी दोन पत्रं आलीच नाहीत. तिसरं पोस्टमनकाकांनी गठ्ठ्यातून वेगळं काढून हातात दिलं. "परदेशातलं दिसतंय वहिनी. कोण असतं तिकडे?" मी पटकन बोलून गेले, "कुणी नाही काका, माझा धंदा आहे." तोपर्यंत मी स्वतःशीसुद्धा धंदा म्हटलं नव्हतं. आतून सासूबाई, "कसला गं धंदा?"

पैसे हातात यायला 100 डॉलर व्हावे लागतात, त्याला त्यानंतर बावीस महिने लागले. पाच हजार आणि वर काही रुपये आले. मिक्सर घेतला. अजून चालतो, मोठ्या भांड्याचं झाकण तेवढं गेलंय.

तुमचा पहिला पैसा कसा आला? आला नसेल तर तेही लिहा.

आळशी_सुगरण

मी पहिली! अनुभव काही नाही, वाचायला बसलेय. ते झाकण रविवार कारंजाच्या बाजूला सुटं मिळतं, मॉडेल नंबर घेऊन जा.

सह्यवेडा

जखमेवर मीठ. हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरी, साल्हेर, सगळं लिहिलं होतं. पाणी कुठे, शेवटची एसटी किती वाजता, हरिहरच्या पायऱ्या उतरताना तोंड कातळाकडे ठेवा, वगैरे. सात वर्षं. 2019 ला नोकरी बदलली, जुना ऑफिसचा ईमेल बंद झाला. डोमेनचे, म्हणजे ब्लॉगच्या पत्त्याचे, पैसे भरायची आठवण त्याच ईमेलवर यायची. कळलं तेव्हा मुदत, वरची सवलत, सगळं उलटून गेलं होतं. आता त्या पत्त्यावर जुगाराची साइट आहे. अजून लोक फोन करतात, "भो, तुझी लिंक उघडली तर पत्ते दिसतायत."

लेखांची कॉपीपण नव्हती. हसू नका.

निफाडकर

हसत नाही भो, पण पत्ते भारी आहे.

आमचा ब्लॉग द्राक्षाचा. जाहिरातीचं गणित आमच्याकडे पावसावर चालतं. ऑक्टोबर छाटणी झाली, वेल फुलोऱ्यात आला आणि ढग दाटले की रात्री दोनला पण लोक वाचतात. डाउनी, डाउनी, डाउनी (द्राक्षावरची बुरशी हो). पाऊस नाही तर ब्लॉगवर शुकशुकाट. म्हणजे माझ्या बागेचं वाटोळं होतं त्याच आठवड्यात डॉलर येतात. बायको म्हणते हा विमाच झाला.

पण खरा पैसा जाहिरातीत नाही. एका औषधवाल्याने विचारलं, आमच्या बुरशीनाशकाबद्दल चांगलं लिहा, इतके देतो. आकडा सांगत नाही, एका एकराची फवारणी निघाली असती. मी म्हटलं आधी माझ्या बागेतल्या चार ओळींवर मारून बघतो. तो परत आलाच नाही. पिंपळगावच्या मार्केटात लोक मला माझ्या नावाने नाही, ब्लॉगच्या नावाने हाक मारतात. पैसे घेऊन खोटं लिहिलं असतं तर तिथे तोंड कसं दाखवलं असतं? आता सल्ल्याला बागेत बोलावतात, त्याची फी घेतो. ब्लॉग म्हणजे पाटी, दुकान मागे आहे.

मिसळ_सम्राट

पाटी आणि दुकान, सहमत.

माझा पहिला पैसा म्हणजे फुकटची मिसळ. गंगापूर रोडच्या बाजूला एकाने बसवून खिलवली, काळ्या मसाल्याची, पापड, दही, जिलबी, सगळं. मग म्हणतो आता लिहा. तर्री नुसती तिखट होती, चव नाही. तसंच लिहिलं. त्याचा भाचा आमच्याच सोसायटीत निघाला. दोन महिने लिफ्टमध्ये खाली मान.

हिशेबनीस

फुकट मिळतं त्याचाही हिशेब असतो बरं का. एकाच देणाऱ्याकडून वर्षात 20,000 च्या वर वस्तू किंवा सोय मिळाली तर 10 टक्के टीडीएस, हे 1 जुलै 2022 पासून आलं. मिसळीने तिथवर पोचायला पोट पाहिजे. पण हॉटेलात फुकट मुक्काम, फोन वगैरे घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा. जाहिरातीचे डॉलर हे उत्पन्नच आहे, "छंद आहे हो" म्हणून रिटर्नमधून सुटत नाही. बँकेत पैसे कशाचे ते विचारतात, तेव्हा जाहिरातीच्या सेवेचे म्हणून सांगा. आणि ते कागद जपून ठेवा.

गोदाकाठची

@हिशेबनीस अहो बँकेचं नका काढू. काउंटरवरच्या साहेबांनी मला विचारलं होतं, "मॅडम, मिस्टर बाहेर असतात का?" मिस्टर मागच्या रांगेत पासबुक भरत होते.

आळशी_सुगरण

हाहाहा!! मेले.

अंबडचा_फिटर

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून लिहितो. मी एमआयडीसीतली पर्मनंट नोकरी सोडली होती. आरोग्याचा ब्लॉग, घरगुती उपाय वगैरे. मी डॉक्टर नाही, काही नाही, वाचून वाचून लिहायचो. चांगले चालले होते. ऑगस्ट 2018 ला गूगलने शोधात काहीतरी फिरवले आणि आरोग्याच्या साइटी धडाधड खाली. सोमवारचा आकडा आणि शुक्रवारचा आकडा एकाच ब्लॉगचा वाटेना. होम लोन चालू होते. घरी चार महिने सांगितले नाही, सकाळी डबा घेऊन निघायचो आणि पांडवलेणीच्या पायथ्याशी बसायचो.

आता मागे बघून वाटते, गूगलचे बरोबर होते. मुतखड्यावर मी का लिहावे?

गोदाकाठची

दादा, डब्याचं वाचून कसंतरी झालं. आता कसं आहे?

अंबडचा_फिटर

बरं आहे ताई. दुसरी कंपनी, कंत्राटी. आता कंप्रेसर दुरुस्तीवर लिहितो, ते मला येते. पैसे नाहीत, पण कामे येतात.

तपोवन_२

कुंभमेळ्याच्या कामांनी सगळीकडे खोदून ठेवलंय, आज द्वारका चौकातून कोणी आलं का? (अवांतर, माफ करा)

निफाडकर

@तपोवन_२ द्वारकेला कधी मोकळं होतं?

पुरणपोळी_डॉट

माझी तर रेसिपीच चोरली गेली. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात आत्याबाईंनी व्हॉट्सॲपवर गुळपोळी पाठवली, "अगदी पारंपरिक, तू करून बघ." माझ्याच ब्लॉगवरची, नाव काढून. कशावरून माझी? मी चुकून मीठ दोनदा लिहिलंय, तेपण तसंच. आत्याबाई म्हणतात खारट झाली, पण पारंपरिक असेल.

हल्ली तर गूगल वरच उत्तर देऊन टाकतं, ब्लॉगवर येतंय कोण. भाजणीच्या ऑर्डरी आहेत म्हणून चालू ठेवलाय. अन्नसुरक्षेची छोटी नोंदणी केली, तेव्हा वर्षाला 100 रुपये होती. ब्लॉगच्या वर्षाच्या खर्चापेक्षा स्वस्त.

आळशी_सुगरण

भाजणी?? किलोचा भाव? इंदिरानगरला पोचेल का?

पुरणपोळी_डॉट

पोचेल. पण आधी यादी, या आठवड्यात चकलीची चालू आहे, हात पिठात आहेत.

सह्यवेडा

@पुरणपोळी_डॉट एक विचारू? तुमचं डोमेन कुठल्या ईमेलवर आहे?

पुरणपोळी_डॉट

भाच्याच्या. तो पुण्याला गेला शिकायला. का?

थांबा. हात धुऊन त्याला फोन लावते.