मदत हवी आहे: खिडकीबाहेर किड्यांचा कर्कश आवाज, आई हैराण झाली आहे

दौलतनगरची (मंगळवार, रात्री ९.४०)
कोणीतरी लवकर सांगा, फार वैताग आलाय. आम्ही बोरिवली पूर्वेला राहतो, हायवे ओलांडला की नॅशनल पार्क. बिल्डिंगच्या मागे एक जुनं मोठं झाड आहे, त्यावर गेले नऊ दिवस किडे ओरडतायत. करवतीने पत्रा कापावा तसा आवाज, मधे उसंत नाही. आई त्या खोलीत बसूच शकत नाही. दुपारचं ताट घेऊन पॅसेजमधे स्टुलावर बसते, कारण तिथेच काय तो आवाज कमी येतो. काल तर दोन घास खाऊन उठली. सेक्रेटरी म्हणतात, धूर मारून घेऊ. पेस्ट कंट्रोलवाल्याने साडेचार हजार सांगितलेत. मारून घ्यावा का? की दुसरं काही औषध आहे? कृपया नेमकं सांगा. निसर्गावर प्रेम करा वगैरे नको.

खारेगावचा_नाना
कोणतं झाड? कितवा मजला? आवाज दिवसा की रात्री? किडा डोळ्यांनी पाहिलात का? एवढं तरी लिहायला हवं होतं.

जुनी_चाळ
रातकिडे आहेत, दुसरं काही नाही. आमच्याकडे फ्रीजच्या मागे एक शिरला होता, तीन रात्री झोपू दिलं नाही. कोपऱ्याकोपऱ्यात कापूर ठेवा आणि संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याची धुरी द्या. चौथ्या दिवशी बंद. माझ्या सासूबाईंचा उपाय आहे, कधी चुकलेला नाही.

दौलतनगरची
नाना, रेन ट्री आहे. तिसरा मजला. आवाज सकाळी ऊन तापलं की सुरू होतो, दुपारी कहर, दिवेलागणीला पुन्हा एकदा जोर करतात. किडा पाहिला नाही, वर कुठेतरी असतात. जुनी_चाळ, हा फ्रीजमागचा एक किडा नाही हो, अख्खं झाड वाजतंय!

रानवाटा
ताई, मग ते रातकिडे नव्हेत, सिकाडा आहेत. दोघांत बराच फरक आहे. रातकिडा पंखावर पंख घासून वाजवतो आणि बहुतेक अंधार पडल्यावर. सिकाडाच्या नराच्या पोटाच्या बाजूंना दोन कडक पडदे असतात, ते आत-बाहेर खटखटवून तो आवाज काढतो. डब्याचं झाकण दाबून सोडलं की 'टक' होतं ना, तसं, पण सेकंदाला शेकडो वेळा. पोट आतून पोकळ असल्यामुळे ते घुमतं. माद्या गप्प असतात, म्हणजे ऐकू येतो तो सगळा नरांचा आवाज, माद्यांना बोलावण्यासाठी.

उद्या सकाळी खाली जाऊन खोडाकडे नीट बघा. कमरेच्या उंचीपासून वर तपकिरी रंगाची, पारदर्शक, किड्याच्या आकाराची टरफलं सालीला घट्ट चिकटलेली दिसतील. पाठीवर उभी चीर असेल आणि चिरेतून पांढरे बारीक धागे बाहेर आलेले असतील. ती त्यांची कात. पिल्लं काही वर्षं जमिनीत मुळांचा रस पीत राहतात, मग रात्री वर चढून कात टाकतात. मोठं झाल्यावर आयुष्य काही आठवड्यांचंच.

मालाडवाला_८१
हे ते सतरा वर्षांनी येणारे दिसतायत. मागे बातम्यांत होतं, अब्जावधी बाहेर येतात म्हणून. मग काही करता येणार नाही.

रानवाटा
नाही, ते अमेरिकेच्या पूर्व भागातले. तिथे १३ वर्षांच्या आणि १७ वर्षांच्या अशा टोळ्या आहेत. २०२४ साली एक १३ वर्षांची आणि एक १७ वर्षांची टोळी एकाच वेळी वर आली. त्या दोघींची अशी गाठ त्याआधी १८०३ मधे पडली होती, बातम्या त्याच्याच होत्या. आपल्या देशात तसं ठरावीक वर्षांनी येणारं एक उदाहरण मेघालयातल्या री-भोई जिल्ह्यात आहे, दर चार वर्षांनी. तिथले लोक त्यांना न्यांगतासेर म्हणतात आणि गोळा करून खातातही. नॅशनल पार्कच्या कडेला ऐकू येतात ते दरवर्षीचेच. मी मुलुंडला पार्कच्या दुसऱ्या अंगाला राहतो, आमच्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी दरवर्षी असाच गजर असतो.

पक्का_सोसायटीवाला
एवढी चर्चा कशाला? झाडाच्या फांद्या छाटून टाका. पावसाआधी छाटणी करायचीच असते.

खारेगावचा_नाना
पक्का, असं परस्पर छाटता येत नाही. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते, नाहीतर गुन्हा दाखल होतो. आमच्या शेजारच्या सोसायटीने माळ्याला सांगून गुपचूप कापलं आणि वर्षभर फेऱ्या मारल्या. धोकादायक फांदी असेल तर वॉर्ड ऑफिसला अर्ज करा. किडा ओरडतो म्हणून नाही.

पक्का_सोसायटीवाला
ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत ना? २००० सालचे. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. त्याखाली तक्रार करा.

खारेगावचा_नाना
किड्यांविरुद्ध तक्रार कोणाच्या नावाने करणार? नियम लाउडस्पीकर, बांधकाम, फटाके यांना आहेत. काही सिकाडा जवळून मोजले तर १०० डेसिबलच्या वर जातात, ते खरं. पण त्यांना नोटीस देता येत नाही.

डासमुक्त_कांदिवली
मी पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात चौदा वर्षं आहे. धूर मारा, एका दिवसात शांत होईल.

रानवाटा
दादा, धंद्यात आहात म्हणून विचारतो, खरंच होईल का? धुराचं औषध हवेत उडणाऱ्या डासांसाठी असतं. रेन ट्रीच्या शेंड्याला चाळीस फुटांवर ते कितपत पोहोचणार? आणि जमिनीतून रोज रात्री नवे वर येतायत त्यांचं काय? मरतील त्या मधमाश्या, फुलपाखरं, चतुर. वर धूर सगळा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आत. आईंना दमा आहे का तेही आपल्याला माहीत नाही.

डासमुक्त_कांदिवली
शेंड्याला पोहोचायला मोटारीचा पंप लावावा लागतो, त्याचे पैसे वेगळे. साडेचार हजारात ते होणार नाही हे मान्य. पण लोकांना त्रास होतो तेव्हा आम्हालाच बोलावतात, तुम्हाला नाही.

चिऊची_आई
किड्यांचा विषय निघालाय म्हणून सगळ्यांना कळकळीने सांगते. पाऊस सुरू झाला की ट्यूबलाइटकडे एक लहान, लांबट, काळा-नारिंगी किडा येतो, मुंगीपेक्षा जरासा मोठा. अंगावर बसला तर चिरडू नका! फुंकर मारून उडवा. त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. माझ्या मुलीच्या मानेवर पट्टा उठला होता, आम्हाला आधी नागीण वाटली. लागलाच तर लगेच साबण-पाण्याने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

दौलतनगरची
चिऊची_आई, धन्यवाद, पण माझा प्रश्न तो नाही. आणि आईला दमा नाही. मी सकाळी खाली गेले होते. टरफलं आहेत, रानवाटा म्हणाले तशीच, एकट्या खोडावर चाळीसेक मोजली. झाडाखाली उभी असताना अंगावर बारीक थेंबही पडले, आभाळ कोरडं ठणठणीत असताना. ते काय आहे? विषारी आहे का? आणि आवाजाचं काय करायचं हे कोणीच सांगत नाहीये. आई आजही जेवली नाही.

रानवाटा
ते सिकाडांचंच. झाडाचा पातळ रस दिवसभर ओढतात, त्यातलं बरंचसं नुसतं पाणी, ते बाहेर टाकतात. विषारी नाही. रेन ट्री हे नाव या थेंबांवरून पडलं असंही सांगतात. सिकाडा चावत नाहीत, डंख मारत नाहीत, रोग पसरवत नाहीत. आवाजासाठी खिडकीला जाड पडदा, फटींना रबरी पट्टी, एवढंच. पाऊस लागला की जोर उतरेल.

जुनी_चाळ
कापराने फायदा होईल, निदान करून तरी बघा.

सांताक्रूझ_मावशी
दौलतनगरची, एक विचारू का? तू सगळं आईचंच लिहितेस. त्या खोलीत आणखी कोणी असतं की नाही? त्यांना त्रास होत नाही?

दौलतनगरची
मुलगा तिथेच बसून अभ्यास करतो. त्याला काही वाटत नाही. मला आवाज येतो, डोकं दुखण्याइतका नाही. पण आई ७६ वर्षांची आहे, म्हाताऱ्या माणसाला जास्तच लागणार ना.

सांताक्रूझ_मावशी
इथेच तर अडतंय. वय झालं की उंच, बारीक आवाज आधी ऐकू येईनासे होतात. ७६ वर्षांच्या बाईला किड्यांचा आवाज तुझ्यापेक्षा कमी यायला हवा, जास्त नाही. त्यांच्या कानाला मशीन आहे का?

दौलतनगरची
हो, गेल्या महिन्यात दोन्ही कानांना बसवलं. त्याचा काय संबंध?

सांताक्रूझ_मावशी
अगं, सगळा संबंध तोच आहे! माझे वडील आठ वर्षं मशीन लावत होते, म्हणून विचारलं. वयामुळे जे उंच आवाज गेलेले असतात तेच मशीन जास्त वाढवून देतं, कारण 'स', 'श', 'त' ही अक्षरं त्याच पट्टीत असतात आणि ती ऐकू आली नाहीत तर बोलणं कळत नाही. सिकाडाही त्याच उंच पट्टीत ओरडतो. म्हणजे मशीन आईंना तुझं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून झटतंय आणि त्याबरोबर अख्खं झाड कानात ओततंय. शिवाय कित्येक वर्षं त्यांच्या मेंदूने हे आवाज ऐकलेच नव्हते, सवय मोडलेली असते. वडिलांना पहिल्या महिन्यात पेपरचं पान उलटलं तरी दचकायला व्हायचं. नळाखाली ताट धरलं की ते खोलीतून ओरडायचे.

त्या कधी मशीन काढून बसल्या तर त्रास थांबतो का, बघितलंस?

दौलतनगरची
आत्ता विचारलं. म्हणते, "काढलं की काहीच नाही, एकदम शांत, पण मग तू चिडतेस ना, मशीन लाव म्हणून." खरंच मी चिडते. एवढे पैसे घातलेत, सवय व्हायला हवी, म्हणून दिवसभर घालायलाच लावते. नऊ दिवसांत तिने एकदाही सांगितलं नाही की काढल्यावर बरं वाटतं. पॅसेजमधे जाऊन बसली, पण मशीन काढलं नाही. मला रडू येतंय.

सांताक्रूझ_मावशी
रडू नकोस, उद्याच फोन कर. ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्या ऑडिओलॉजिस्टना स्पष्ट सांग की झाडावरच्या सिकाडांचा आवाज सहन होत नाही, उंच पट्टी थोडी उतरवा आणि घरातल्या त्या खोलीसाठी वेगळा प्रोग्रॅम करून द्या. बऱ्याच डिजिटल मशीनमधे असे दोन-तीन प्रोग्रॅम ठेवता येतात, बटण दाबलं की बदलतात. सारखा चालू असणारा आवाज दाबण्याचीही सोय असते, ती चालू आहे का विचार. तोवर दुपारी त्या खोलीत मशीन काढून ठेवू दे, बाकी वेळ घालू दे. कायमचं कपाटात मात्र जाऊ देऊ नकोस, आमच्याकडे दोन वर्षं तसंच झालं होतं आणि वडील घरातल्या घरात एकटे पडले. तिथे दाद लागली नाही तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, आम्ही शेवटी तिथेच गेलो.

रानवाटा
मावशी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सिकाडाच्या नरालाही हीच अडचण असते, म्हणून ओरडताना तो स्वतःच्या कानाचे पडदे ढिले करून घेतो. आईंच्या मशीनला तेवढंच शिकवायचंय.

पक्का_सोसायटीवाला
म्हणजे झाडाचा दोष नव्हता. ठीक आहे, मागे घेतो. पण पावसाआधी त्या रेन ट्रीची वाळकी फांदी आहे का तेवढं बघा, ते किड्यांसाठी नाही, खाली मुलं खेळतात म्हणून.

गॅलरीतली_बाग
रानवाटा, तुम्ही जाणकार दिसता. माझ्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या तीन अळ्या आहेत. काडीने हात लावला तर डोक्यामागून लाल-केशरी शिंग बाहेर आलं आणि घाण वास सुटला. मारू का?

रानवाटा
मारू नका. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, त्यावर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या आहेत त्या. मोठ्या झाल्या की हिरव्या होतील. २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेली राणी पाकोळीही याच कुळातल्या झाडांवर वाढते. झाड मोठं असेल तर दोन डहाळ्या गेल्याने काही बिघडत नाही.

दौलतनगरची (शनिवार, दुपारी ३.१५)
सगळ्यांना कळवते. काल गेलो होतो. त्यांनी लॅपटॉपला मशीन जोडून उंच पट्टी उतरवली आणि दुसरा प्रोग्रॅम घालून दिला. डाव्या कानामागचं बटण एकदा दाबायचं. आईला बटण सापडायला वेळ लागतो, नखाने चाचपते. आज खिडकीशी बसून पूर्ण जेवली, आमटी-भात दोनदा घेतला. आवाज अजून येतो म्हणाली, पण गावी आंब्याखाली बसल्यावर यायचा तेवढाच. आम्ही संगमेश्वरजवळचे. ती म्हणते तिला वाटलं होतं हे किडे आता राहिलेच नाहीत, कारण तिला दहा-बारा वर्षांत ते ऐकूच आले नव्हते.

धूर रद्द करायला सांगितला. सेक्रेटरी म्हणतात, उद्याच्या मीटिंगमधे बोला. रानवाटांनी धुराबद्दल लिहिलंय ते तिथे वाचून दाखवणार आहे. मावशी, तुमचे उपकार विसरणार नाही.

डासमुक्त_कांदिवली
मीटिंगमधे एवढंही सांगा की खरं काम पावसाळ्यातल्या डासांचं आहे. गच्चीवरच्या टाकीची झाकणं आणि कुंड्यांखालच्या ताटल्या बघा, त्याला पैसे लागत नाहीत.

गॅलरीतली_बाग
रानवाटा, तीनपैकी एक अळी आज सकाळपासून दिसत नाही. कावळ्याने नेली असेल का?

रानवाटा
आधी हिरवी झाली होती का? झाली असेल तर कोशासाठी जागा शोधत गेली असेल. खिडकीच्या ग्रिलची आतली बाजू, कुंडीच्या काठाखाली, कपडे वाळत घालायच्या दोरीची खुंटी, सगळं बघा. कंबरेला बारीक धागा बांधून तिरकी टेकलेली असेल. आज त्या दोरीवर चादर झटकू नका.