लिबरऑफिस सोर्सवरून बिल्ड करताना मध्येच 'किल्ड' येऊन थांबतंय, मदत हवी आहे

पत्रिकावाला, नाशिक
नमस्कार मंडळी, मी प्रोग्रामर नाही हे आधीच सांगतो, मेनरोडला डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं वगैरे. लिबरऑफिसच्या रायटरमध्ये (लिखाणाचा प्रोग्राम) एका फॉन्टला ओळीच्या शेवटी जोडाक्षर भलतंच तुटतंय, बग टाकला तर उत्तर आलं की मास्टरवर (अजून घडत असलेल्या ताज्या आवृत्तीवर) पण होतंय का ते बघा. म्हटलं चला, बिल्डच करून बघू, म्हणजे सोर्सवरून (मूळ कोडवरून) प्रोग्राम स्वतःच तयार करू.

लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे, रॅम 8 जीबी, प्रोसेसर 12 थ्रेडचा. गिटला डेप्थ 1 देऊन (जुना इतिहास वगळून) सोर्स उतरवला, बिल्डला लागणारी पॅकेजं आणणाऱ्या 'ॲप्ट बिल्ड-डेप लिबरऑफिस'ने आधी नखरे केले पण डेब-सोर्स चालू केल्यावर गप बसलं, मग ऑटोजेनला (बिल्डची सेटिंग ठरवणारी स्क्रिप्ट) विथ-लँगमध्ये एमआर (मराठी) आणि एनेबल-डीबीजीयुटिल (चुका शोधायची जादा सोय) दिलं (का दिलं ते विचारू नका, कुठेतरी वाचलं होतं) आणि मेक (प्रत्यक्ष बिल्ड करणारी कमांड). दीड तास छान चालतं, मग माऊसचा बाण पण हलेना होतो आणि 'सीसी1प्लस किल्ड' (म्हणजे कंपायलर बंद पाडला) येतं. तीनदा झालं, दर वेळी वेगळ्याच फाइलवर. सोर्समध्येच काही घोळ आहे का? मोबाईलवरून लिहितोय म्हणून कमांडही मराठीत, सांभाळून घ्या.

आळशी_टेस्टर
फक्त बगच बघायचा असेल तर एवढा कुटाणा कशाला, डेव्हलपमेंटचे तयार डेली बिल्ड मिळतात की. त्याचं प्रोफाइल वेगळं असतं, दुकानाच्या कामाच्या लिबरऑफिसला धक्का लागत नाही.

पत्रिकावाला, नाशिक
ते माहीत नव्हतं, उतरवतो. पण आता बिल्ड पूर्ण केल्याशिवाय झोप नाही लागायची.

टर्मिनलकाका
दर वेळी वेगळी फाइल म्हणजे सोर्सचा दोष नाही रे, तसं असतं तर त्याच फाइलवर, त्याच ओळीवर अडलं असतं. डीमेसेज (कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे संदेश दाखवणारी कमांड) टाकून बघ, 'आउट ऑफ मेमरी' दिसेल. तू आकडा दिला नाहीस की बिल्ड थ्रेड मोजून एकदम 12 कंपायलर सोडतं, 8 जीबीत बारा जण जेवायला बसवल्यासारखं आहे ते, मग कर्नल एकाला उठवतो, म्हणजे बंद पाडतो. ऑटोजेन डॉट इनपुट नावाची फाइल कर, एका ओळीवर एक ऑप्शन: विथ-पॅरललिझम=3 (एका वेळी तीनच कामं), विथ-लँग. डीबीजीयुटिल काढून टाक, लिंकिंगला (कंपाइल झालेले तुकडे जोडताना) तेच सगळ्यात जास्त मेमरी खातं. सीकॅश (एकदा कंपाइल झालेलं जपून ठेवतं) टाकलेलं नसेल तर आधी टाक. आणि नुसतं मेक म्हटलं तरी युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या तपासण्या) धावतात, म्हणून सध्या 'मेक बिल्ड-नोचेक' दे, टेस्ट नंतर बघू.

पत्रिकावाला, नाशिक
काका, डीमेसेजमध्ये अगदी तेच होतं! ऑप्शन बदलले म्हणून मेक क्लीन करून (आधीचं बनलेलं सगळं पुसून) रात्री लावलं, 3 वर मस्त चाललं होतं आणि पहाटे सिडकोत लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी म्हणजे शोभेची आहे. परत मेक दिलं तर लिंक करताना 'फाइल नॉट रेकग्नाइज्ड'. परत पहिल्यापासून?

टर्मिनलकाका
अजिबात नाही. लाईट गेली तेव्हा कंपायलर लिहीत होता त्या ऑब्जेक्ट फायली (डॉट-ओ, कंपाइल झालेले तुकडे) रिकाम्या राहिल्या असतील. मेक फक्त तारीख-वेळ बघतं, आत काही आहे का ते बघत नाही. वर्कडिरमध्ये (बिल्डच्या कामाचं फोल्डर) शून्य बाइटच्या डॉट-ओ फायली फाइंडने शोध, तेवढ्याच उडव आणि मेक दे.

पत्रिकावाला, नाशिक
सहा निघाल्या. उडवल्या, दुपारी चार वाजता इन्स्टडिरमधून (तयार प्रोग्रामचं फोल्डर) एस-ऑफिस, म्हणजे बनलेलं लिबरऑफिस उघडलं, मेनू मराठीत! जोडाक्षर मात्र तसंच तुटतंय, म्हणजे मास्टरवर पण आहे, बगवर लिहून आलो. मग मेक चेक (राहिलेल्या टेस्ट) दिलं, त्यात रायटरच्या लेआउटची एक टेस्ट पडली, तेवढीच परत चालवायची कमांड खाली तेच देतं, ती तीनदा चालवली, तीनदा पडली.

टर्मिनलकाका
तीनदा तीच म्हणजे रॅमचा विषय नाही. लेआउटच्या टेस्ट फॉन्टवर अडतात, तू दुकानासाठी शेकडो फॉन्ट कोंबले असशील. नवीन युजर काढून त्यात चालव, तुझ्या होममधले फॉन्ट तिथे दिसणार नाहीत. तरी पडली तर लॉग चिकटव, वरून निम्मा कापू नकोस.

पत्रिकावाला, नाशिक
1,100 च्या वर आहेत 🙈 गिऱ्हाईक आलंय, रात्री लॉग टाकतो.