मदत हवी आहे: ग्रॅनाइटमधला फ्लोरिन मोजताना

नमस्कार मंडळी. मुंबईत एम.एस्सी. करतोय, पायाखाली सगळा बेसॉल्ट आणि प्रकल्प मात्र राजस्थानातल्या जालोरच्या ग्रॅनाइटवर, असो. खनिजांतल्या फ्लोरिनवरून मूळ मॅग्मात तो किती होता हे काढायचंय. बायोटाइटमध्ये (काळा अभ्रक) फ्लोरिन हायड्रॉक्सिलच्या (OH) जागी बसतो, पण लोहापेक्षा मॅग्नेशियमजवळ जास्त रमतो. ती दुरुस्ती करणारच आहे. खरी अडचण अशी की खडक थंड होताना बायोटाइट आपला फ्लोरिन बदलत राहतो, अ‍ॅपेटाइट (फॉस्फेटचं खनिज) त्या मानाने जुना हिशेब जपतो. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर भरवसा कुणावर ठेवायचा?

शिवाय मायक्रोप्रोबवर (खनिजातून निघणाऱ्या एक्स-रेवरून मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) एक्स-रे वेगळे करायला मल्टिलेयर क्रिस्टल घेतला की लोहाची एल-अल्फा ही एक्स-रे रेषा फ्लोरिनच्या के-अल्फा रेषेवर चढते. मग टीएपी हा रेषा नीट वेगळ्या करणारा दुसरा क्रिस्टल घेऊन कमी काउंट्सवर (नोंदल्या जाणाऱ्या एक्स-रेंवर) भागवावं का? स्वतः मोजलंय अशा कुणीतरी सांगा, प्लीज.