मदत हवी आहे: स्नोरी स्टुर्लुसनची वंशावळ कशी मांडू?

आइसलँडचा सरदार आणि कवी स्नोरी (1179–1241) याची वंशावळ मोठ्या कागदावर काढतेय. 1241 च्या सप्टेंबरात रेक्होल्टच्या तळघरात त्याला मारलं, तेही एकेकाळचा जावई गिसूरच्या माणसांनी. "वार करू नका," एवढंच तो म्हणाला. ते वाचल्यापासून हे घराणं डोक्यातून जात नाही.

अडलंय नावांवर. तिथे आडनाव नाही, वडिलांचंच नाव लागतं. स्नोरीचा बाप स्टुर्ला थोर्दारसन. भाऊ थोर्दरच्या मुलाचं नावही तेच! आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, अगदी तसं. शिवाय दुसरा पुतण्या स्टुर्ला सिगवात्सन, 1238 च्या लढाईत बापासोबत पडलेला. तक्त्यात हे तिघे वेगळे कसे दाखवू? पिढीचा आकडा घालू की मृत्यूचं साल? कुळवृत्तांताचं काम केलेल्यांनी कृपया सांगा.